संजीवनी आगाशेची घरघंटी

संजीवनी आगाशेने नवऱ्याला शॉक दिला, ही बातमी गेल्या दिवाळीच्या तोंडावर क्वीन्सटाउनहून निघाली आणि चार दिवसांत शहराच्या दुसऱ्या टोकाला सेंगकांगला पोचली. साधासुधा शॉक नव्हे, घरघंटीचा. आणि मुद्दाम दिलेला. "अहो, जरा ही वायर धरता का," असं म्हणाली म्हणे, आणि तिकडे बटण दाबलं. एकीने सांगितलं, प्रबोध उडून चपलांच्या कपाटावर आपटला. दुसरीने सांगितलं, हात कोपरापर्यंत काळा पडलाय. तिसरीला तर अँब्युलन्सची माणसं कोणत्या लिफ्टने वर गेली तेही ठाऊक होतं. मीही ही बातमी दोघींना सांगितली. खोटं कशाला बोलू, तो कोपर माझा.

लोकांचा लगेच विश्वास बसला, कारण संजीवनीचा राग आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तिच्या खाली दोन मजले सोडून नवव्यावर माझा फ्लॅट आहे, त्यामुळे मला तो ऐकूही येतो. इथे हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांवर, लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा अडवतात आणि खुशाल रांगेत जाऊन उभे राहतात. संजीवनीने एकदा असं पाकीट उचललं, त्यातला एक टिश्यू काढून नाक पुसलं, पाकीट पुन्हा होतं तिथे ठेवलं आणि समोर बसून इडली खाल्ली. पाकिटाचा मालक ताट घेऊन आला आणि तिचा चेहरा बघून दुसरीकडे गेला. सदुसष्ट वर्षांची बाई, उंची जेमतेम पाच फूट. प्रबोध तिच्याहून चांगला हातभर उंच. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेला, मऊ बोलणारा, सगळ्यांच्या आवडीचा. "बिचारा प्रबोध" हे त्याचं नावच पडलंय. ते 'बिचारा' मीही तीस वर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही.

तिची घरघंटी सतरा वर्षांपूर्वी पुण्याहून सामानाच्या कंटेनरमधून आली. लहान फ्रीजएवढं, क्रीम रंगाचं कपाट. वरून धान्य ओतायचं, खालच्या डब्यात पीठ पडतं. तिच्या स्वयंपाकघराच्या दारात जुन्या योगा मॅटच्या घडीवर ती उभी असते, म्हणजे खालच्यांना हादरे बसू नयेत. दिवाळीआधीचे तीन शनिवार, सकाळी दहा ते बारा, संजीवनी आमच्या सगळ्यांची चकलीची भाजणी दळून देते. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये स्टीलच्या डब्यांची रांग लागते, प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. आत सोफ्यावर आम्ही. प्रबोध चहाचा ट्रे फिरवतो.

या कामाचं ती काही घेत नाही. मत मात्र देते. पीठ चिमटीत धरून, डोळे बारीक करून, सगळ्यांसमोर. "धणे हात राखून घातलेत." "उडीद कच्चे राहिलेत, चकली तेलात हसेल." एकीला म्हणाली होती, "तू भाजलीस का नुसती भाजायचा विचार केलास?" ती बाई दोन वर्षं आली नाही, तिसऱ्या वर्षी डबा घेऊन मुकाट्याने हजर. कारण संजीवनीने "ठीक आहे" म्हटलं की त्या घरची चकली बिघडत नाही. तिचा शब्द चालतो, तो असा. आणि त्या शब्दाचंच हे सगळं आहे.

घंटीच्या झाकणावर मार्करने लिहिलेले तीन नियम आहेत. गरम नाही. ओलं नाही. तेलकट नाही. तिसऱ्याखाली बारीक अक्षरात यादी: तीळ, शेंगदाणे, खोबरं, जवस. गरम भाजणी दळली की वाफ धरते, पीठ आत थापलं जातं आणि यंत्र गुदमरतं. तेलकट जिन्नसांचं तर आत चक्क डिंकासारखं होतं.

तर तो पहिला शनिवार. पहिला डबा सुलेखा रेगेचा. सुलेखा म्हणजे आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, हार्बरफ्रंटला समुद्र दिसणाऱ्या महागड्या काँडोत राहते, आणि संजीवनीची बावीस वर्षांची मैत्रीण. दोघींचं रोज सकाळी फोनवर अर्धा तास भांडण व्हायचं, त्यावरून मैत्री किती जुनी ते कळावं. सोफ्यावर मी आणि मंडळातल्याच प्रणिता आणि अनुया. संजीवनीने सुलेखाची भाजणी ओतली, बटण दाबलं. दोन मिनिटं नीट चाललं. मग आवाज जड झाला, मग नुसतंच गुणगुणणं, मग जळका वास, आणि घरातले दिवे, पंखे, सगळं एकदम बंद.

संजीवनीने प्लग काढला आणि वळली.

"सुलेखा, गरम आणलीस."

"काय?"

"भाजणी गरम आणलीस. सकाळी उठून भाजलीस आणि तशीच डब्यात भरलीस."

"काल दुपारी भाजलीय संजू. रात्रभर पंख्याखाली होती."

"पंख्याखाली तू होतीस. भाजणी नव्हती."

अनुयाला हसू आलं. आवरायला हवं होतं, पण हे वाक्य हसण्याजोगं होतं हे तुम्हीही मान्य कराल. मीही हसले. सुलेखाचा चेहरा मात्र उतरत गेला.

"अगं, हात लावून बघ ना डब्याला."

"आता काय बघू? यंत्र गेलं माझं. झाकणावर लिहिलंय. मराठी वाचता येतं ना अजून, का काँडोत विसरलीस?"

प्रबोध ट्रे हातात धरून दारात उभा होता. पाच कप, सगळे भरलेले. त्याने आमच्याकडे पाहिलं, सुलेखाकडे पाहिलं, आणि ट्रे घेऊन आत गेला. तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला बायकोची लाज वाटली.

सुलेखाने अर्धवट दळलेली भाजणी डब्यात उपसून घेतली. थोडं पीठ फरशीवर सांडलं, ते तिने वाकून पदराने पुसलं आणि गेली. दुपारी मंडळाच्या ग्रुपवर तिचा निरोप आला: "या वर्षी सर्वांनी तयार भाजणी घ्यावी. आगाशे यांच्याकडील व्यवस्था बंद आहे." 'संजू' नाही, 'संजीवनी' नाही. आगाशे. संजीवनीने तो निरोप मला मोठ्यांदा वाचून दाखवला, दोनदा. "गरम आणते आणि वर दरवाजा माझा बंद करते," म्हणाली. सोमवारी सकाळचा फोन झाला नाही. मंगळवारीही नाही.

प्रबोधला मात्र एकाएकी उत्साह आला. "अगं, जुनी झाली होती ती. आपण नवी घेऊ." शनिवार संध्याकाळी त्याने टाउन कौन्सिलला फोन केला आणि मोठं सामान उचलून नेणाऱ्या माणसांना बोलावलं. गुरुवारी सकाळी दहाला. आयुष्यात ज्याने घरातला बल्ब बदलायला आठवडा लावला, त्याने हे काम त्याच दिवशी केलं.

"विचारलंत मला?"

"अगं, सतरा वर्षं झाली तिला."

"मला सदुसष्ट झाली. मलाही लिफ्टपाशी नेऊन ठेवा. गुरुवारी माणसं येतीलच."

सोमवारी तिने दुरुस्तीवाला बोलावला. तो आला, झाकणावरची देवनागरी पाहिली, मागची पाटी वाचली, आणि घंटीला हातही न लावता म्हणाला, "आँटी, इंडियन वन, नो पार्ट्स. बाय न्यू बेटर लाह." संजीवनीने त्याला विचारलं, तुला घोटणं बदलता येतं का? हे तिने मराठीतच विचारलं. घोटणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नीट ठाऊक नाही, तिलाही नसावं. पण ती ज्या स्वरात बोलली त्याने तो बूट हातात घेऊन लिफ्टकडे गेला.

मग तिने स्वतःच उघडायचं ठरवलं. यंत्राची आवड म्हणून नव्हे. तिला आत थापलेलं पीठ बघायचं होतं, त्याचा फोटो काढायचा होता आणि तो ग्रुपवर टाकायचा होता. "चाळीस घरांना दिसू दे, गरम भाजणीने काय होतं ते." हे तिने मला मंगळवारी सकाळी माझ्या दारात उभं राहून सांगितलं. हातात माझाच स्क्रूड्रायव्हर होता, न विचारता घेतलेला.

कंपनी राजकोटची. पाटीवरच्या नंबरवर धवलभाई भेटले, तीस-चाळीस वर्षं याच कामात घालवलेले गृहस्थ. ते व्हिडिओ कॉलवर आले, मागे पंखा, पुढे चहा. "बेन, पहले प्लग निकालो. निकाला? अब दिखाओ निकाला हुआ." प्लग टेबलावर ठेवून दाखवल्याशिवाय त्यांनी तिला पुढे एक स्क्रू काढू दिला नाही. मागचा पत्रा निघाला. आत मोटर, आणि मोटरच्या कुशीत पंख्याला असतो तसला काळा कपॅसिटर, डोक्यावर फुगलेला. मोटर अडकली की बिचारा तोच आधी जातो, असं धवलभाई म्हणाले. प्लग काढला तरी त्याच्यात वीज साठून राहते, म्हणून लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकं एकदम टेकवायची. टेकवली, चट्ट झालं, ठिणगी उडाली. संजीवनीने फोनकडे बघून विचारलं, "और?"

दुपारी जालान बेसारला जाऊन सुट्या भागांच्या दुकानातून ती त्याच आकड्याचा नवा कपॅसिटर घेऊन आली. बसवला. प्लग लावला. पुन्हा नुसतं गुणगुणणं.

"बेन, अंदर कुछ फसा है. चेंबर खोलो."

चेंबर म्हणजे पाती फिरतात ती लोखंडी डबी. तिच्या तोंडाला चार स्क्रू. तीन निघाले. चौथ्याची खाच झिजलेली, हिने जोर लावला, ती पार गुळगुळीत झाली. झाकण त्या एका स्क्रूवर थोडं बाजूला सरकत होतं, दोन बोटं जातील एवढी फट. टॉर्च मारून पाहिलं तर पांढरट पिवळं पीठ थापलेलं. सुलेखाची भाजणी. संजीवनी इतकी खूश झाली की तिने मला नवव्यावरून वर बोलावलं. "बघा अरुणाताई. बघा. म्हणे रात्रभर पंख्याखाली." प्रबोध सोफ्यावर पेपर वाचत होता. पेपर तमिळ होता, कुणीतरी टेबलावर टाकून गेलेला. ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं, पण मी म्हटलं, चित्रं बघत असेल.

बुधवारी ती मुलाकडे, राजसकडे, सेंगकांगला ड्रिल आणायला गेली. राजस म्हणाला, "आई, मी ऑनलाइन नवी बघतो ना." नात जाई, वय वर्षं नऊ, टॅबवरून डोकं न उचलता म्हणाली, "आज्जी, जस्ट थ्रो लाह." संजीवनीने ड्रिल घेतलं, चहा न पिता दोघांचाही निरोप घेतला आणि कापडी पिशवीत ड्रिल घालून एलआरटी, मग एमआरटी अशा गाड्या बदलत परत आली. येऊन पाहते तर प्रबोधच्या उजव्या हाताची दोन बोटं गुंडाळलेली.

"काय झालं?"

"पपई कापत होतो."

घरात पपई नव्हती. पण तिचं डोकं स्क्रूमध्ये होतं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला तिने स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवलं आणि झाकण काढलं. मी होते. माझ्या देखत झालं हे, त्यामुळे इथे काही भर घातलेली नाही. वर सुलेखाच्या भाजणीचा थर होता, बोटभर, कोरडा, भुरभुरीत. नखाने ढकलला की पडत होता. गरम भाजणी अशी पडत नाही, ती लापशीसारखी बसते, हे मला कळतं तसं तिलाही कळतं. त्याच्याखाली दुसरा थर. तपकिरी, चकचकीत, चिवट, जाळीची सगळी भोकं बुजवून पात्यांच्या मुळाशी गोंदासारखा आवळून बसलेला. आणि मधेच, फटीच्या बाजूला, चमच्याने खरवडल्याचे ओरखडे.

तिने साते कबाब खायची बांबूची काडी घेतली, थोडं उकरलं, वास घेतला, जिभेला लावलं.

"जवस," ती म्हणाली.

तिच्या घरात जवस एकच माणूस खातो. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून सांगितलं, तेव्हापासून प्रबोध मोबाइलवर जवसाच्या भाकरीचे व्हिडिओ बघतो. आदल्या शुक्रवारी दुपारी ती टेक्काला भाजी आणायला गेली होती तेव्हा त्याने दोन किलो दळलं होतं.

तो स्वयंपाकघराच्या दारात आला. मी उठून जायला हवं होतं. गेले नाही.

"वाचता येतं ना?" तिने झाकणाकडे बोट केलं.

"मला वाटलं, स्टीलचं यंत्र आहे, काय होणार."

"ते जाऊ दे. यंत्राचं जाऊ दे." तिचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की मला भीती वाटते. "शनिवारी तुम्ही इथे उभे होतात. ट्रे घेऊन."

"अगं, तू एकदम तिच्यावर..."

"मी तिला बोलत होते आणि तुम्हाला माहीत होतं."

"मला वाटलं, दोन दिवसांत मिटेल तुमचं. मिटतं ना नेहमी."

"तिने पदराने फरशी पुसली माझी. तुम्ही आत जाऊन चहा प्यायलात. पाच भरलेले कप आत गेले, ओट्यावर चारच भरलेले राहिले. मी मोजले नाहीत असं वाटलं?"

तो म्हणाला, "मी मेसेज करतो सुलेखाला."

"मेसेज नाही."

"मग काय करू?"

"ते मी सांगायचं का? सदतीस वर्षं सांगतेय."

दहा वाजता टाउन कौन्सिलची माणसं आली. तिने दार उघडलं, त्यांना "नो" म्हटलं आणि दार लावलं. मग बसून संध्याकाळपर्यंत काडीने एकेक भोक मोकळं केलं, कढत पाण्याच्या फडक्याने पाती पुसली, नवा स्क्रू लावला, आणि तेल शोषलं जावं म्हणून चार वाट्या कोरडे तांदूळ दळून फेकून दिले. घंटी पहिल्या बटणाला सुरू झाली. तिने फोटो एकही काढला नाही.

प्रबोध त्या दिवशी हार्बरफ्रंटला जाईल, असं तिला वाटत होतं. तो टीव्हीवर क्रिकेट बघत बसला. शुक्रवारी सकाळी ती स्वतः गेली.

सुलेखाने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. संजीवनी म्हणाली, "तुझी भाजणी गार होती. मी चुकले."

"मला ठाऊक आहे ती गार होती. माझीच होती."

"म्हणून सांगायला आले."

"तू मला तिघींसमोर बोललीस संजीवनी. इथे साखळीला सांगू नकोस. तिघींसमोर सांग."

संजीवनी तशीच परत फिरली. आता विचार करा, या बाईचा शब्द चालतो तो ती कधी चुकत नाही म्हणून. तिने चूक कबूल केली तर पुढच्या शनिवारी कुणीही तोंड वर करून म्हणणार, अहो, तुम्ही सुलेखालाही असंच म्हणाला होतात. नवऱ्याचं नाव घेतलं असतं तर सुटली असती. एका वाक्यात.

शनिवारी आम्ही तिघी सोफ्यावर. सुलेखा डबा घेऊन आली, बसली नाही. प्रबोध ट्रे घेऊन आला, डाव्या हाताने, उजव्या हाताला ती भली मोठी पट्टी. संजीवनी उभी राहिली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. चांगलं मिनिटभर. आम्हाला वाटलं भाषणाची तयारी करतेय. ती त्याची वाट बघत होती. त्याने कप मांडले, साखर विचारली आणि आत गेला.

"मागच्या शनिवारी सुलेखाची भाजणी गार होती," ती आम्हाला म्हणाली. "मी न बघता बोलले. चूक माझी."

"मग घंटी कशाने बंद पडली?" प्रणिताने विचारलं.

"ते घरातलं आहे."

मला ठाऊक होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प राहिले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं होतं, तेवढं पुरलं. सुलेखाने डबा पुढे केला. संजीवनीने भाजणी ओतली, दळली, चिमटीत धरली.

"जिरं जास्त झालंय," ती म्हणाली.

"असू दे," सुलेखा म्हणाली आणि डबा उचलून गेली. सकाळचे फोन सुरू झाले ते चांगले दीड महिन्याने, आणि अजूनही अर्ध्या तासाचे होत नाहीत.

तर प्रणिता आणि अनुयाने काय पाहिलं? दुरुस्त झालेली घंटी, पट्टी बांधलेला नवरा, रागाने पांढरी पडलेली बायको आणि "ते घरातलं आहे". लिफ्ट तळमजल्याला पोचेपर्यंत शॉक तयार झाला होता. मी त्यात कोपर घातला, कारण जवस सांगता येत नव्हतं आणि काहीतरी सांगितल्याशिवाय मला राहवत नव्हतं. प्रबोधच्या कानावर ती बातमी मंडळाच्या फराळालाच गेली. सगळे भोवती जमून विचारत होते, "बरं आहे ना आता? जपून हो." तो हसला, खांदे उडवले आणि म्हणाला, "चालायचंच." बायको शॉक देते हे लोकांना वाटलेलं त्याला चाललं. संजीवनी चार हात दूर चकल्यांचं ताट घेऊन उभी होती. तिने ऐकलं.

शॉक कुणी कुणाला दिला नाही. बुधवारी दुपारी घंटीचा प्लग टेबलावर काढून ठेवलेला होता. बायको सेंगकांगला गेली असताना प्रबोधने आपलं जवस खरवडून टाकायला फटीतून चमचा घातला, मग बोटं घातली, आणि पात्याने त्याची दोन बोटं कापली.